काकांच्या जागी पेंडीची दोन पोती

"दोन पोती? मी काय दोन पोत्यांचा हाय का बे?"

काका आपल्या ओट्यावरून ओरडत होते. डाव्या तळहातावर तंबाखू, उजवा अंगठा तिच्यात तसाच रुतलेला. त्यांचा आवाज असा की पलीकडच्या टेकडीवर चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या. फुगवून सांगत नाही. एक तर भीतीनं खालीच बसली.

आमचं घर, काकांचं घर आणि शाळेची भिंत यांच्या मधोमध मोकळी जागा आहे. त्या जागेत आमची अँबॅसिडर शाळेच्या भिंतीकडं तोंड करून उभी होती. दिवस मावळत आलेला. स्टेअरिंगवर दादा, म्हणजे माझे वडील. त्यांच्या शेजारी आई, मागं उजवीकडं माझी बायको. आणि मागं डावीकडं, जिथं काका वीस वर्षं बसत आले होते, तिथं मी आणि बीडहून आलेल्या मिस्तरीनं सरकी पेंडीची दोन पोती एकावर एक रचली होती. काकांच्या वजनाइतकी. म्हणजे दादांच्या अंदाजानं काकांच्या वजनाइतकी.

दादांनी मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाले, "मिस्तरी, गावात कोण काय वरडतंय तिकडं ध्यान देऊ नका. तुमी दिवे बघा."

हे असं का चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल या घरात माणसांऐवजी पेंड फिरायला नेतात.

दादा आणि काका या दोन भावांना एकच बहीण, माझी आत्या. तिला कडा गावात दिलीय. दर भाऊबीजेला दोघं भाऊ याच गाडीतून तिच्याकडं जायचे. तीन वर्षांपासून मात्र दादा गाडीनं जातात आणि काका एसटीनं. आत्या सकाळी एकदा पाट मांडते, रांगोळी घालते, ओवाळते. दुपारी काकांची एसटी आली की पुन्हा पाट, पुन्हा रांगोळी. यंदा दसरा झाला आणि तिचा मला फोन आला.

"तुज्या बापाला आन् काकाला सांग. एका गाडीतून आले तर पाट मांडीन. न्हाई तर दोघांनीबी घरीच बसा म्हणावं. भाऊ न्हाईत असं समजंन मी."

"आत्या, असं कावून बोलता?"

"तीन वरसं मी एका दिवसात दोन दिवाळ्या करायले. गुडघे गेले माजे. ठेव फोन."

आत्या बोलते ते करते. एकदा ती मामांशी, म्हणजे तिच्या नवऱ्याशी, बोलणार नाही म्हणाली, तर स्वतःच्या घरात कुठली भाजी होणार हे मामांना सहा महिने शेजारणीकडून कळत होतं.

आता भांडण कशावरून? दिव्यांवरून.

गाडीला आमच्यात साहेबीण म्हणतात. सरकारी लिलावात दादांनी ती घेतली तेव्हा मागच्या सीटवर कुण्या साहेबाचा पांढरा टॉवेल तसाच होता. आईनं तो धुतला आणि परत तिथंच पसरला, साहेब कधीही येतील अशा बेतानं. इंजिन दणकट, दारं तिजोरीची. फक्त दिवे म्हणजे दोन पिवळी बुबुळं. लागलेत की नाही हे बघायला उतरून काचेवर हात ठेवावा लागायचा. एकदा पाटोद्याच्या अलीकडं एका काजव्यानं आम्हाला ओव्हरटेक केलं. जाताना त्यानं वळून बघितलं, हे काकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. त्याला घाई होती.

तीन वर्षांपूर्वी, साखर कारखाने नुकतेच सुरू झाले होते तेव्हा, आम्ही एक साखरपुडा उरकून माजलगावहून परत येत होतो. अंधार पडलेला. उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच उभी होती. मागं दिवा नाही, नुसते दोन धोंडे ठेवलेले. मागच्या सीटवरून काकांना ती आधी दिसली.

"दादा, ऊस!"

"मंग माजलगावला ऊस न्हाई तर काय सफरचंद असंल?" दादा म्हणाले, आणि साहेबीण उसात शिरली.

कुणाला खरचटलं नाही. पण समोरची काच फुटली, बोनेट मोळ्यांखाली गेलं आणि एक ऊस आत येऊन बरोबर दादांच्या छातीपाशी थांबला. काकांनी तो मोडला. मी सगळीकडं सांगतो की त्यांनी तो तिथंच सोलून खाल्ला. काका म्हणतात, नुसता मोडला. एवढं मात्र खरं की तो मोडलेला ऊस हातात धरूनच ते बोलले.

"दादा, तुज्या दिव्यापरीस बिडीचा उजेड बरा. हिला डोळे बसव, मंगच मी हिच्यात बसंन."

"माज्या गाडीला नावं ठेवणाऱ्याला माज्या गाडीत जागाच न्हाई. आन् दिवे बी बदलणार न्हाई. जित्ता हाय तोवर न्हाई."

काका उतरले आणि ऊस खांद्यावर टाकून चालत निघाले. तेव्हापासून दोघांत अक्षर नाही. विहीर एक, मोटार एक, पण दादांना मोटार लावायची झाली तरी ते आईला म्हणणार, "त्या ओट्यावरच्या माणसाला सांग." ओट्यावरचा माणूस हे सगळं पंधरा पावलांवरून ऐकत असतो आणि आईनं सांगितल्यावरच उठतो.

आत्याच्या फोननंतर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मी बीडला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाशाचं परावर्तन हा धडा वर्षातून चार वेळा शिकवतो, फळ्याकडं न बघता. मग एका गाडीचे दोन दिवे म्हणजे काय? पण दादांची शपथ मधे. दिवाळीची सुट्टी लागली तसा मी गावी आलो आणि घरात अशा येरझाऱ्या घालू लागलो की तिसऱ्या दिवशी आईनं झाडू हातात दिला. "चालतोच हाईस तर झाडत चाल."

झाडता झाडताच युक्ती सुचली. दादा आयुष्यात एकाच गोष्टीपुढं नमतात, सरकारी कागदापुढं. मी जेवताना सहज म्हणालो, "दादा, गाडीचं पासिंग जवळ आलंय. पासिंगला दिवे तपासतात."

दादांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली. मग म्हणाले, "सरकारच म्हणत असंल तर इलाज न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी बीडला. बसस्टँडच्या बाजूला एका दुकानदारानं पांढरे एलईडी बल्ब काउंटरवरच लावून दाखवले. समोरचा रिक्षावाला डोळ्यांवर हात धरून रिक्षातून उतरला आणि माफी मागू लागला. कशाची ते त्यालाही माहीत नव्हतं. मी खूश. बल्ब आणले, बसवले, मोकळ्या गाडीत एकटा बसून दिव्यांचे स्क्रू फिरवले आणि उजेड रस्त्यावर पाडला. सगळं पुस्तकातल्यासारखं. मग दादा, आई, बायको यांना बसवून, डिकीत गव्हाचं पोतं टाकून, दिवेलागणीला एक चक्कर मारायला निघालो.

गाडी मागून बसली, नाक वर झालं आणि आमचा सगळा उजेड आभाळात गेला. रस्त्यावर काळोख, लिंबाच्या शेंड्यावर लख्ख दुपार. सकाळ झाली म्हणून तिथले मोर केकाटायला लागले. समोरून येणारा ट्रॅक्टरवाला थांबून ओरडला, "अय, इमान उतरवायलास का बे?" दादांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात माझी पदवी होती.

भाऊबीज पाच दिवसांवर.

तेव्हा मग मिस्तरी. बीडच्या एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग करणारा म्हातारा माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यानं आधी माझे बल्ब काढून माझ्या हातात ठेवले.

"मास्तर, हे लग्नात लावा. जुन्या काचेत हे उजेड पाडत न्हाईत, नुसता उधळतात." मग मीटर लावलं. "बॅटरीजवळ बारा व्होल्ट. बल्बाजवळ किती? नऊ. तीस वर्षांची वायर, त्यात तो बटनाचा रस्ता लांबचा. निम्मा उजेड वाटंतच गळायला. बल्बाला खामखा बदनाम केलं तुमी."

त्यानं नव्या काचा आणि रिफ्लेक्टर घातले, हॅलोजनचे बल्ब, बॅटरीपासून थेट बोटाएवढी जाड वायर, आणि मधे दोन रिले. रिले म्हणजे काय हे त्यानं मला, भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला, समजावून सांगितलं. "बटनानं नुसतं हाक मारायची. वज्झं ह्यानं उचलायचं." मी मान डोलावली. वर्गात पुढच्या वेळी हेच वाक्य मी स्वतःचं म्हणून सांगणार आहे.

"आता सेटिंग," तो म्हणाला. "ते हितं व्हायचं न्हाई. मोकळ्या गाडीचं सेटिंग खोटं असतंय, ते तर तुमी मोराला इचारा. जी माणसं गाडीत बसतेत ती बसवायची, जिथं बसतेत तिथं. मी येतो गावाकडं."

म्हणून तो त्या संध्याकाळी आला होता. आमच्या शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवलेला आहे, शेजारी सतराचा पाढा. मिस्तरीला ती भिंत फार आवडली. पावलं मोजून गाडी उभी केली, उजव्या दिव्यावर गोणपाट टाकलं. डावा दिवा नकाशावर पडला. "हा बीडवर आणायचा," त्यानं ठरवलं. दादा बसले, आई बसली, बायको बसली. मी बीजेला घर राखायला मागं राहतो, म्हणून मिस्तरीच्या हाताखाली. मिस्तरी गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला.

"हितं कोण बसतंय?"

"कुणी न्हाई," दादा म्हणाले.

मिस्तरीनं चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर पाना वाजवला. "कुणी न्हाई तर पाटा कावून बसलाय? उजवा पाटा कमानीवानी हाय आन् डावा भाकरीवानी. दादा, वीस वरसं हितं भरलेला माणूस बसलाय. पाटा खोटं बोलत न्हाई."

आईनं पदर सारखा केला. डाव्या दारावर बाहेरून तंबाखूच्या पिचकारीचे तांबडे ओघळ होते, पावसानंही न गेलेले. काका खिडकीशी बसायचे ते त्यासाठीच. मिस्तरीनं ते ओघळ बघितले, ओट्याकडं बघितलं, आणि शहाण्या माणसासारखा तंबाखूबद्दल काही बोलला नाही.

"मंग त्या जागंवर वजन टाकावं लागंल. किती?"

दादांनी जरा विचार केला. "दोन पोती पेंड."

आम्ही पोती रचली आणि तिथं काका ओरडले. इथपर्यंत मी तुम्हाला आणून सोडलं.

मिस्तरी दोन पोत्यांवर स्क्रू फिरवत होता. उजेड जालन्यात होता तो उतरत उतरत बीडवर आला. "बराबर," तो म्हणाला.

"काय बराबर?" काका ओट्यावरून उतरले होते. "दीड पोतं! दीडच्या वर मी एक किलो न्हाई! वैनी, सांगा तुमी!"

आई म्हणाली, "मला मधी घेऊ नका. तीन वरसं मधीच हाय मी."

"दीड पोतं तर तुजं नुसतं पोट हाय!" दादा म्हणाले.

तुजं. ओट्यावरच्या माणसाला नव्हे, मिस्तरीला नव्हे. तीन वर्षांत पहिल्यांदा दादा थेट काकांशी बोलले होते, तेही शिवी दिल्यासारखं. माझ्या हातात टॉर्च होती, ती मी उगाच चालू-बंद करत राहिलो. बायको मागच्या सीटवर पोत्याला टेकून बसली होती.

काकांनी तंबाखू तोंडात टाकली. गाडीपाशी आले. डावं दार उघडलं, एक पोतं ओढून खाली टाकलं, दुसरं ओढलं. सत्तरीला आलेल्या माणसानं शंभर किलो पेंड अशी फेकली की मुक्कामाच्या एसटीची वाट बघत पारावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. मग ते साहेबाचा टॉवेल झटकून त्या जागेवर बसले. पाटा कुरकुरला. तो आवाज मला पाठ होता. लहानपणी ऐकला की कळायचं, काका बसले, आता गाडी निघणार.

"बघा म्हणावं आता भिंतीकडं."

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. उजेड बीडवर नव्हता. खाली घसरून धाराशिवला गेला होता.

"बघितलं का? बघितलं का?" काका आनंदानं सीटवर उसळले आणि उजेड जालन्याला जाऊन परत आला. "मी दोन पोती असतो तर बीडातच ऱ्हायला असता! धाराशिव! मिस्तरी, तुमी साक्षीदार! मास्तर, तू सांग, तुजं शास्तर काय म्हणतंय?"

मी सांगितलं की शास्त्र काकांच्या बाजूचं आहे. वजन कमी, मागची बाजू वर, उजेड खाली. इतक्या वर्षांत माझ्या विषयाला गावात पहिल्यांदाच मान मिळाला.

"हलू नका," मिस्तरी म्हणाला. "आता काय करू? सेटिंग पोत्यावर झालंय. पोती परत ठिवायची, का..." त्यानं वाक्य तिथंच ठेवलं आणि पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली.

दादा समोर बघत होते. त्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, गाडी बंद असूनही. मागं काकांचं हसू गालावर राहिलं होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. मला कळलं, काका फक्त वजन सिद्ध करायला आलेत, आणि उतरायचं असेल तर आत्ता उतरावं लागेल. माझे पाय जागच्या जागी नाचत होते. एवढा वेळ मी कधी कुठल्या निकालाची वाट बघितली नाही, स्वतःच्याही नाही.

"पोती बीजंला येत न्हाईत," दादा म्हणाले. "ह्याच्यावर सेट करा."

मिस्तरी गोणपाट सारखं करून वाकला. पुन्हा स्क्रू. पुन्हा डावा दिवा, मग उजवा, सतराच्या पाढ्यावर. काका हलले नाहीत. अर्धा तास. तोंडात तंबाखू भरलेली, गाल फुगलेला, थुंकायची सोय नाही. असा निश्चल माणूस मी फक्त चौकातल्या पुतळ्यात बघितलाय. शेवटी दोन्ही दिवे एका ओळीत आले. मिस्तरीनं गाडी वळवायला सांगितली आणि उजेड रस्त्यावर टाकला. साहेबिणीला डोळे आले होते. फाट्यापर्यंतचा रस्ता असा पांढरा पडला की त्यावरची शेणाची पो वाचता आली असती. दादांनी तो उजेड एकदा अप्पर-डिपर करून बघितला.

काका दार उघडून उतरले, बाजूला जाऊन थुंकले आणि आपल्या ओट्यावर गेले. घराचं दार लावून घेतलं.

मिस्तरी हत्यारं गोळा करताना मला म्हणाला, "मास्तर, एक ध्यानात ठिवा. आता हा माणूस बसला न्हाई तर उजेड बुटाच्या टोकावर पडंल. सेटिंग त्याचं हाय."

जेवताना दादा मला म्हणाले, "पासिंग पुढल्या वरसाला हाय. कागद माज्याच पेटीत हाय."

मी घास खाली ठेवला. "मंग तुमी हो का म्हणलं?"

"भाकरी खा."

पुढचे तीन दिवस मी काय केलं ते विचारू नका. गाडी चार वेळा धुतली. टॉवेल दोनदा. काकांच्या ओट्यावरून उगाच जायचो, कधी दोरी मागायला, कधी परत द्यायला. काका दिवाळीचं पाणी तापवत होते, बैलांची शिंगं रंगवत होते, सगळ्या जगाशी बोलत होते, भाऊबीजेबद्दल सोडून. आत्याचा फोन दोनदा येऊन गेला. "पाट काढू का ठिवू?" मी म्हणालो, "पुसून ठिवा, आत्या, बघू." ती म्हणाली, "बघू काय बघू?" आणि फोन ठेवला.

भाऊबीजेच्या सकाळी दादांनी अंघोळ करून पांढरा सदरा घातला, किल्ली घेतली आणि स्टेअरिंगवर जाऊन बसले. आई शेजारी. माझी बायको मागं उजवीकडं. डावीकडची जागा मोकळी. दादांनी इंजिन सुरू केलं आणि सुरूच ठेवलं. गाडी जागच्या जागी थरथरत होती, मीही. पाच मिनिटं गेली. दादा गिअर टाकेनात.

शेवटी मीच ओट्याकडं पळालो. काका नवा फेटा बांधत होते, आरशात बघत.

"काका," मी म्हणालो, "आत्या पाट घेऊन बसलीय. येता ना?"

काकांनी फेट्याचा शेव खोचला, आरसा उलटा ठेवला.

"डावी काच खाली होत न्हाई," ते म्हणाले. "तेवढी बघून घी."